ब्रेकचं काम केल्यावर पेडल मऊ का लागतं? आणि 'चालवा, सेट होईल' यात किती तथ्य आहे?

गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजले होते, ते बदलून झाले. चाकं बसली, नट आवळले, जॅक निघाला. गाडी सुरू करून पार्किंगमधून मागे घेतली, ब्रेकवर पाय दिला आणि पेडल कुठेच न पकडता तळाला जाऊन टेकलं. अशा वेळी मागे सोसायटीची भिंत असेल तर बंपरवर निभावतं. मागे कुणाचं मूल सायकल घेऊन उभं असेल तर काय, हा विचारही नको वाटतो.

हे फक्त घरी काम करणाऱ्यांच्याच वाट्याला येतं असं नाही. गॅरेजमधून आणलेल्या गाडीचं पेडलही पुष्कळदा पहिल्यापेक्षा खाली जातं, स्पंजसारखं लागतं. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "नवीन पॅड आहेत साहेब, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, सेट होईल."

हे उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. नवीन पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला वेळ लागतो हे बरोबर. तेवढ्या काळात गाडी थांबायला नेहमीपेक्षा थोडं जास्त अंतर घेते. पण पायाखाली पेडल घट्टच लागायला हवं. पॅडची घासणारी बाजू अजून पूर्ण सपाट झालेली नसल्यामुळे पेडल किंचित मऊ वाटू शकतं, पण किंचितच. पेडल इंचभर जास्त खाली जात असेल, पंप मारल्याशिवाय ब्रेक लागत नसेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर ते कितीही किलोमीटर चालवून सेट होत नाही. तिथे काहीतरी राहिलंय, चुकलंय किंवा फुटलंय. ते सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही की पेडल कशा प्रकारे मऊ लागतंय यावरूनच दोष कुठे आहे याचा चांगला अंदाज येतो. बरेच जण हा अंदाज न घेता थेट 'एअर काढायला' बसतात, दोन-तीन बाटल्या ब्रेक ऑइल संपवतात आणि पेडल जिथल्या तिथेच राहतं. कारण दोष हवेचा नसतोच.

पायाखाली काय चालतं?

पेडल दाबलं की बूस्टरच्या मदतीने मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो. त्याच्या पुढचं ब्रेक ऑइल पाइपांमधून चारही चाकांकडे ढकललं जातं. पुढच्या चाकांवर कॅलिपरचा पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो, मागच्या चाकांवर व्हील सिलिंडर ब्रेक शूंना ड्रमवर दाबतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, म्हणजे अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशांमध्ये, पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच मांडणी असते, म्हणून इथे तीच समोर ठेवली आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम इथे कामाला येतो. १९२१ साली आलेल्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या अमेरिकी गाडीने चारही चाकांना असे ब्रेक दिले, आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून पेडल घट्ट लागतं. हवा मात्र सहज दाबली जाते.

किती हवेने किती फरक पडतो हे गणितानेच बघू. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर होतं. पाइपात २ मिलिलीटर हवा अडकली असेल, तर ती दाबून जवळपास शून्यावर आणण्यासाठी पिस्टनला ६ मिलिमीटरच्या वर फुकट पुढे जावं लागतं. पेडलचा दांडा तरफेसारखा असतो. त्याचं प्रमाण साडेचारपट धरलं तर पायाखाली जवळपास पावणेतीन ते तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन मिलिलीटर म्हणजे अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू लोक विसरतात. हवा एक थेंबभरही नसली आणि शू ड्रमपासून नेहमीपेक्षा लांब असले, तरी तेवढं अंतर भरून काढायला ऑइल लागतंच. मागच्या दोन चाकांत मिळून व्हील सिलिंडरचे चार पिस्टन असतात. प्रत्येकाला फक्त १ मिलिमीटर जास्त पुढे यावं लागलं आणि सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असला, तर एक मिलिलीटरहून थोडं जास्त ऑइल तिकडे खर्च होतं. पेडल दीड सेंटिमीटर खाली जातं. आता या गाडीची एअर कितीही वेळा काढली तरी काय उपयोग?

आधी पेडलला विचारा

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. आधी चार-पाच वेळा पेडल दाबून बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपवून टाका. बूस्टरची मदत चालू असेल तर पेडलचा खरा अंदाज येत नाही.

मग सावकाश, सारख्या जोराने पेडल दाबा आणि काय होतं ते बघा.

पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आलं आणि वर आल्यावर दगडासारखं घट्ट लागलं, तर बहुतेक वेळा मामला अंतराचा असतो. पॅड डिस्कपासून किंवा शू ड्रमपासून लांब आहेत.

पंप मारल्यावर वर आलं, पण वर येऊनही रबरी चेंडू दाबल्यासारखं लागत राहिलं, तर संशय हवेवर. त्यानंतर जुन्या, फुगणाऱ्या रबरी होज पाइपवर.

आधी घट्ट लागलं आणि तसंच दाबून धरल्यावर लिफ्टसारखं हळूहळू खाली उतरत गेलं, तर कुठेतरी दाब निसटतोय. एक तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतलं सील गेलंय.

आणि पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ जाऊन मग घट्ट होत असेल, सोबत ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, तर दोनपैकी एक सर्किट काम करत नाहीये. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि दोन स्वतंत्र सर्किट असतात, ती याचसाठी. एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. पण ती व्यवस्था गाडी रस्त्याच्या कडेला घेण्यापुरती आहे, ऑफिसला जाऊन यायला नाही.

आता पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जाईल. हा दोष नाही, बूस्टर नीट चालत असल्याची ती खूण आहे. काम झाल्यावर माणूस पेडलकडे जरा जास्तच लक्ष देतो आणि हे नेहमीचंच खाली जाणं त्याला पहिल्यांदा जाणवतं, असंही होतं.

पहिला संशयित: अंतर

नवीन पॅड जाड असतात. ते बसवण्यासाठी कॅलिपरचा पिस्टन आत दाबावा लागतो. काम संपल्यावर पिस्टन मागे आणि पॅड डिस्कपासून लांब, अशी स्थिती असते. म्हणून पहिल्या काही दाबांना पेडल तळाला जाणारच. गाडी जागेवर उभी असतानाच पेडल घट्ट होईपर्यंत पंप मारायचे, आणि मगच गिअर टाकायचा. सुरुवातीला सांगितलेला भिंतीचा प्रसंग बहुतेक वेळा एवढ्या एका गोष्टीच्या विस्मरणाने घडतो. गॅरेजमध्ये हे काम करणाऱ्याने गाडी ताब्यात देण्याआधी पंप मारलेले असतात, म्हणून मालकाला हे कधी कळत नाही.

पंप मारूनही अंतर परत परत पडत असेल तर चाक काढून बघायला हवं. पॅड ब्रॅकेटच्या खाचेत सरळ बसलेत का? गंजाचा थर न खरवडता पॅड ठोकून बसवले असतील तर ते वाकडे अडकतात. मग पिस्टन दाबल्यावर पॅड वाकतो, सोडल्यावर मागे येतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना ग्रीस सुकून जाम झाल्या असतील तरी हेच. पॅडच्या मागे आवाज थांबवण्यासाठी दोन-दोन पत्रे घातले असतील तर तेही स्प्रिंगसारखे वागतात.

ड्रमचं काम झालं असेल तर नव्वद टक्के लक्ष ॲडजस्टरकडे द्या. नवीन शू बसवताना ॲडजस्टर मागे घ्यावा लागतो आणि नंतर तो पुढे आणायचा राहतो. सेल्फ ॲडजस्टर आहे, आपोआप येईल, असं म्हणतात, पण उलटा बसवलेला किंवा डाव्या-उजव्या चाकात अदलाबदल झालेला ॲडजस्टर आपोआप काहीच करत नाही. ड्रम चढवल्यावर चाक हाताने फिरवताना शूचा अगदी हलका स्पर्श ऐकू यावा, इतपत तो जवळ हवा.

याची एक सोपी चाचणी आहे. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबून बघा. हँडब्रेक मागच्या शूंनाच ड्रमजवळ नेतो. हँडब्रेक ओढल्यावर पेडल लक्षात येण्याइतकं वर आणि घट्ट झालं, तर मागचं ॲडजस्टमेंट ढिलं आहे. यासाठी पानासुद्धा हातात घ्यावा लागत नाही. मात्र हँडब्रेकची केबल ताणून शू जवळ आणायचा आडमार्ग धरू नये. आधी शू ॲडजस्ट करायचे, केबल शेवटी.

आणखी एक प्रकार फसवा असतो. जागेवर पेडल छान, पण खराब रस्त्यावरून किंवा जोरात वळण घेऊन आल्यावर पहिला दाब खोल जातो. चाकाचं बेअरिंग ढिलं असेल किंवा डिस्क हबवर गंजामुळे वाकडी बसली असेल, तर फिरता फिरता ती पॅडला मागे ढकलते. नवीन डिस्क टाकताना हबचा चेहरा घासून साफ केला नाही की हे होतं.

दुसरा संशयित: हवा

होज काढला, कॅलिपर बदलला, व्हील सिलिंडर बदलला, मास्टर सिलिंडर बदलला किंवा ऑइल बदलताना टाकी रिकामी झाली, यातलं काहीही घडलं असेल तर हवा शिरलीय असं धरूनच चालायचं. उलट फक्त पॅड बदलले आणि कोणताही पाइप, निप्पल उघडला नाही, तर नवी हवा शिरायला वाट नाही. हा साधा तर्क खूप वेळ वाचवतो.

हवा आहे का हे बघायची एक जुनी पद्धत अशी. टाकीचं झाकण काढा, एकाने आठ-दहा पंप मारून पेडल दाबून धरावं आणि मग एकदम सोडावं. टाकीत ऑइलचा कारंजासारखा उसळा आला, तर आत दाबलेली हवा आहे. बघणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावून, चेहरा लांब ठेवून बघायचं. ब्रेक ऑइल डोळ्यांना वाईट आणि गाडीच्या रंगाला त्याहून वाईट. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

एअर काढायची दोन माणसांची पद्धत सगळ्यांनी पाहिलेली असते. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आतला माणूस पेडल दाबतो, बाहेरचा निप्पल उघडतो, पेडल खाली जातं, निप्पल बंद झाल्यावरच आतला पाय उचलतो. चूक होते ती याच शेवटच्या पायरीला. निप्पल बंद व्हायच्या आधी पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तासभराची मेहनत पाण्यात. म्हणून दोघांनी "दाबलं", "बंद", "सोड" असं मोठ्याने बोलत काम करावं. हसू येतं, पण काम बरोबर होतं.

पेडल सावकाश दाबायचं. भराभर पंप मारले तर मोठ्या बुडबुड्याचे बारीक बुडबुडे होतात, ऑइल फेसाळतं आणि ते बाहेर यायला वेळ लागतो. दर सात-आठ दाबांनंतर टाकी बघायची, ती एकदा जरी रिकामी झाली तरी पहिल्यापासून सुरुवात.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नये. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्ध्याच्या आसपासच जातो, पुढच्या न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर काढताना सील त्या भागात गेलं की त्याची कड कापली जाते. 'एअर काढायच्या आधी ब्रेक बरा होता, आता पेडल खाली उतरतंय' ही तक्रार पुष्कळदा इथून जन्माला येते. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला की हे टळतं.

चाकांचा क्रम कोणता? साधारण नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मास्टर सिलिंडरही बहुधा उजवीकडे. म्हणजे आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. पण अनेक गाड्यांत सर्किट तिरकं असतं, एक पुढचं चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक अशी जोडी. त्यांचा क्रम कंपनी वेगळा सांगते. मॅन्युअलमध्ये असेल तोच क्रम धरायचा.

आता एक अशी चूक, जी सापडली की लोक कपाळावर हात मारतात. दोन्ही कॅलिपर एकाच वेळी काढले आणि बसवताना डावा उजवीकडे, उजवा डावीकडे गेला. बऱ्याच गाड्यांत ते तसेही बसतात. फरक इतकाच की निप्पल, जे वरच्या टोकाला असायला हवं, ते खाली येतं. हवा तर वर जमते. मग निप्पलमधून स्वच्छ, बुडबुडाविरहित ऑइल येत राहतं आणि हवा आत आरामात बसून असते. पेडल मऊ ते मऊच. म्हणून दुसरी बाटली उघडायच्या आधी एकदा वाकून निप्पल वर आहे का ते बघावं.

मास्टर सिलिंडर नवा टाकला असेल तर तो गाडीवर चढवण्याआधी बाकावर पकडून, त्याची तोंडं नळ्यांनी परत टाकीत सोडून, आतली हवा काढून घ्यावी लागते. हे राहिलं तर ती हवा चाकांपर्यंत ढकलत नेणं फार जिकिरीचं होतं.

आणि एबीएस. भारतात एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून आधीच्या मॉडेलच्या नव्या गाड्यांनाही एबीएस सक्तीचं झालं. त्याच्या मॉड्यूलमध्ये बारीक व्हॉल्व्ह असतात, त्यातले काही एरवी बंद असतात. टाकी रिकामी होऊन तिथे हवा शिरली तर नुसत्या पेडलने ती निघेलच असं नाही. स्कॅनर लावून मॉड्यूलचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवत एअर काढावी लागते. सगळं तपासूनही पेडल मऊच असेल तर ज्या गॅरेजकडे त्या गाडीचा स्कॅनर आहे तिथे टो करून न्यावं, चालवत नाही.

रात्रभर पेडल काठीने दाबून ठेवायचं आणि सकाळी घट्ट झालेलं दाखवायचं, ही युक्ती अनेक ठिकाणी चालते. कधी कधी थोडा फायदा होतोही. पण दाबाखाली बारीक बुडबुडे ऑइलमध्ये विरघळतात आणि दाब गेल्यावर परत सुटू शकतात. त्यामुळे सकाळचं घट्ट पेडल हा हवा गेल्याचा पुरावा धरता येत नाही.

गळती, सील आणि फुगणारा पाइप

पेडल दाबून धरल्यावर खाली उतरत असेल तर आधी बाहेर शोधा, कारण ते स्वस्त आहे. होज ज्या पोकळ बोल्टने कॅलिपरला जोडतात, त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाकायचे असतात. जुनेच वापरले तर तिथून पाझर येतो. निप्पल, पाइपचे नट, ड्रमच्या आतून चाकावर उतरलेला ओघळ, हे सगळं कोरड्या कापडाने पुसून, एकाला मिनिटभर पेडल दाबून धरायला सांगून पुन्हा बघायचं. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या जोडावरही बोट फिरवा, मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये जात असलं तर ते खाली जमिनीवर कधीच दिसत नाही.

बाहेर सगळं कोरडं, टाकीची पातळीही तीच, तरी पेडल उतरतंय? मग मास्टर सिलिंडरच्या आत ऑइल सीलवरून मागे जातंय. इथे एअर काढून काही होणार नाही, सिलिंडर बदलावा लागतो.

नेमकं कुठलं चाक हे शोधायला मेकॅनिक रबरी होज चिमटून बघतात. त्यासाठी गुळगुळीत जबड्याचे क्लॅम्प मिळतात. साध्या पक्कडने दाबलं तर होज आतून फाटतो आणि तडे गेलेल्या किंवा वरून स्टीलची जाळी असलेल्या होजवर हा प्रयोग करूच नये. सगळे होज चिमटल्यावर पेडल वर आणि घट्ट झालं, तर मास्टर सिलिंडर ठीक आहे. मग एकेक क्लॅम्प काढत जायचं. ज्याच्यावर पेडल खाली गेलं ते चाक उघडा. सगळे चिमटूनही मऊच असेल तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलिंडर, एबीएस किंवा मधल्या पाइपांत आहे.

बाटलीत काय आहे?

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते नेहमीच्या अर्थाने तेल नसतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नसतं. नाव इतकं सारखं की दुकानातही घोळ होतो. टाकीच्या झाकणावर जे लिहिलं असेल तेच घ्यायचं.

चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकीत पडलं, तर आतली रबरी सील फुगतात. मग फक्त धुऊन भागत नाही, जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलावं लागतं. सील डिझेल-पेट्रोलने धुण्याची सवयही याच कारणाने वाईट.

ग्लायकॉल हवेतली ओल शोषून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी उरलेली बाटली फडताळात ठेवली आणि पुढच्या वर्षी वापरली, तर वर्षभर जमलेली ओलही गाडीत ओतली जाते. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत.

याचा मऊ पेडलशी संबंध असा. पॅड नवे टाकले, ऑइल जुनंच ठेवलं. शहरात चार दिवस पेडल उत्तम. मग महाबळेश्वरहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना सतत ब्रेकवर पाय राहतो, ओल धरलेलं ऑइल कॅलिपरपाशी उकळतं, वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. पेडल मऊ होतं, कधी तळाला जातं. तासाभराने गाडी थंड झाली की पेडल पुन्हा बरं. गॅरेजमध्ये दाखवायला नेल्यावर काहीच सापडत नाही. कॅलिपरच्या पिना जाम राहिल्या असतील किंवा हँडब्रेक जास्त आवळला गेला असेल, तर ब्रेक सतत घासून हे आणखी लवकर होतं. म्हणून काम झाल्यावर पहिल्या फेरीनंतर चाकांजवळ हात नेऊन बघावं. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

उतारावर पेडल गेलंच तर भराभर पंप मारायचे, एकेक गिअर खाली आणायचा आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढायचा. इंजिन बंद करायचं नाही, कारण त्याच्यासोबत बूस्टर आणि स्टिअरिंगची मदतही जाते.

रस्त्यावर काढण्याआधी

गाडीखाली काम करताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. सगळं झाल्यावर इंजिन बंद असताना पेडल मिनिटभर जोराने दाबून धरा, ते तसूभरही उतरता कामा नये. इंजिन सुरू करून पुन्हा तेच. मग सपाट, मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन पाच-सहा वेळा थांबवा, दुसरा हात हँडब्रेकवर असू द्या. गाडी एका बाजूला ओढत नाही ना, हेही तेव्हाच कळतं. टाकीत ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असावं. पॅड नवे असताना ते वरच्या खुणेजवळ असतं, ते साहजिक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकांखालची फरशी बघा आणि टाकीची पातळी आदल्या रात्रीशी ताडून पाहा. पातळी कमी झाली असेल तर वरून भरून वेळ मारून नेऊ नका, ते ऑइल कुठे गेलं ते आधी शोधा.